कुत्रीच्या बाळंतपणाचा शिरा

आमच्या गावात कुत्री व्याली की ती सगळ्या गावाची बाळंतीण होते. पोरं पातेलं आणि तेलाची बाटली घेऊन दारोदार फिरतात, "कुत्री बाळंत झाली वो, शिऱ्याला द्या" म्हणून गळा काढतात. कुणी पसाभर पीठ देतं, कुणी गुळाचा खडा, कुणी बाटलीत तेलाची धार. मग कुणाच्या तरी परसात तीन दगडांची चूल मांडून पोरं शिरा करतात. तो खालून करपतो, वरून कच्चा राहतो आणि निम्म्याहून जास्त पोरांच्याच पोटात जातो. हे मी शहरातल्या पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आमच्याकडे मुक्या जिवाचं बाळंतपणसुद्धा गाव करतं, असं म्हणून पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं का ते तिरक्या नजरेनं बघायचे. आता त्या शिऱ्याचा नुसता वास आला तरी मी नाकाला पदर लावते.

झालं ते गेल्या हळदीच्या हंगामात. पण तेव्हा गावाला धास्ती होती ती वेगळ्याच कुत्र्याची. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा वारंगा फाट्यावर टायरचं दुकान चालवतो. घरी म्हातारी आई आणि बायको दोघीच, म्हणून त्यानं एक काळंभोर, रुंद छातीचं विदेशी कुत्रं आणून ठेवलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि डोक्यावरचा कडब्याचा भारा टाकून पळाले. पळाले म्हणजे माझ्या मानानं पळाले. बघणाऱ्याला मी जरा लगबगीनं चाललेय असंच वाटलं असणार. ते कुत्रं लोखंडी फाटकाच्या आत होतं, तोंडाला जाळी होती, आणि माझ्याकडं बघून ते दोन पावलं मागं सरकलं, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. तरी त्या दिवसापासून मी शेतात वळशाच्या वाटेनं जाऊ लागले. त्यानं माझं वजनही काही उतरलं नाही, कारण वळशाच्या वाटेवर एका मैत्रिणीचं घर लागतं आणि तिच्याकडं चहाबरोबर भजी असतात.

मग मोबाईलवर आलं की अमुक जातीच्या कुत्र्यांवर बंदी आली. कुणाच्या मोबाईलवर आलं की येणार आहे, कुणाच्या मोबाईलवर आलं की कोर्टानं थांबवली. गावात बैठक बसली. बोलायला सगळ्यांत पुढं आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. त्यांचा आणि त्या शेजाऱ्यांचा बांधावरून जुना वाद आहे, हे बैठकीत कुणी काढलं नाही आणि कुणी विसरलंही नाही.

"सरकारनं बंदी घातली, हे बघा," मोबाईल वर धरून आमचे भावजी म्हणाले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर.

"कोर्टानं थांबवली म्हणतेत," कुणीतरी म्हणालं.

"कोर्टाला कुत्रं चावलंय व्हय?" मामा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. सासरा विनोद करतो तेव्हा हसावंच लागतं, पण हा खरंच जमला होता.

शेजाऱ्यांची सून उठून उभी राहिली. डोक्यावर पदर, आवाज मात्र खणखणीत. "आमच्या कुत्र्याला सुया दिलेल्या हायेत. बाहीर काढताना तोंडाला जाळी असती. गावात मोकळी हिंडतेत त्याइला कोण सुया देऊन राहिलं? ढाब्यामागं कोंबड्याची घाण खाऊ खाऊ टोळ्या झाल्यात त्याइच्या. ढोराच्या डॉक्टरला बोलवा अन् एकदाच समद्याइला टोचून घ्या."

"ते आपले हायेत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक पुन्हा हसले.

ती काही खोटं सांगत नव्हती. कनेरगाव नाक्याकडं जाताना ढाब्यांच्या मागं उतारावर जे पडलेलं असतं ते मी इथं लिहीत नाही; जेवणाआधी कुणी वाचत असेल. पिसं वाऱ्यानं उडून आमच्या वाळत घातलेल्या हळदीवर येऊन बसतात एवढंच सांगते. आम्ही ती वेचून टाकतो, हळद मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात जाते, पुढं तुम्ही ती दुधात घालून पिता.

विदेशी जातीचं कुत्रं गावात ठेवायचं नाही, असा ठराव झाला. हात वर करायला सांगितले. माझा हात पदर सावरायला वर गेला होता. पण तो बराच वेळ वरच राहिला, हेही खरं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या अंगणाकडेला, हळदीच्या वाळल्या पाल्याच्या ढिगाआड, गावातली तांबडी कुत्री व्याली. हिचा एक कान फाटलेला, आणि ही आमच्या ओसरीवरच वाढलेली. पोरांना बातमी लागायला कितीसा वेळ? पातेलं घेऊन सगळ्यांच्या पुढं होती भावजींची आणि माझ्या जावेची लेक, सहा वर्षांची, मला मोठी माय म्हणणारी.

"मोठी माय, शिऱ्याला दे ना. तेल दे."

"बाळंतिणीला तेलाचा शिरा कशाला लेकरा, तूप ने," म्हणून मी तुपाचा डबाच काढला. चारजणी बघत होत्या ना.

शिरा झाला. पोरांनी तो फुटक्या परातीत ढिगासमोर ठेवला. कुत्री बाहेर आली, खाऊ लागली. ती खातेय तोवर पोरं ढिगामागं शिरली आणि एकेक पिल्लू उचलून कुणाचे डोळे उघडलेत ते बघू लागली. हे दरवर्षी असंच चालतं. आम्हीही लहानपणी असंच केलं. बाळंतिणीला खायला दिलं म्हणजे बाळ बघायचा हक्क आला, असं आमच्या गावाचं गणित. आमच्या पोरीनं एक पिल्लू उचलून गालाला लावलं. पिल्लू कुंईकुंई करू लागलं. कुत्रीनं शिरा सोडला.

मी पिठाचे हात घेऊन धावत आले तोवर बायांनी पोरीच्या गालावर हळद दाबून भरली होती. डब्यातली नव्हे, हळद घोळायच्या ड्रमखाली साचलेली, मातीकचऱ्यासकट. तिच्यावर चुना. आणि त्याच्यावर काहीतरी काळंओलं. गल्लीतल्या एका म्हातारबुवांनी आपल्या तोंडातली चघळलेली तंबाखू काढून लेकराच्या जखमेवर थापली होती. त्यांचं बोट अजून ओलंच होतं. मोठं पुण्याचं काम केल्यासारखे ते माझ्याकडं बघत होते.

"धुतलं का?" मी विचारलं.

"धुवायचं न्हाई. पाण्यानं इख चढतंय," म्हातारबुवा म्हणाले.

कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं धुवा, ताबडतोब दवाखान्यात या, हे आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. मी रोज त्या भिंतीवरून जाते. खालच्या निम्म्या ओळी वाचता येत नाहीत, कारण त्यांच्यावर आम्ही गोवऱ्या थापतो.

"आधी सात हिरी दावा लेकराला, मंग दवाखान्याचं बघू," मामांनी फर्मान काढलं. आमच्याकडं कुत्रं चावलं की माणसाला सात विहिरींत डोकवायला लावतात. पाण्यात आपलं तोंड दिसलं की विष उतरतं म्हणे. आमचे हे हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात गेलेले. मामांपुढं बोलायचं तर मला आधी घसा साफ करावा लागतो, आणि तो साफ होईतो मामा निघून गेलेले असतात. भावजींनी पोरीच्या गालाचा फोटो काढला. मला वाटलं, डॉक्टरला पाठवायला.

जाऊ आणि मी पोरीला घेऊन निघालो. मी कडेवर घेतली. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर माणसाचं काय होतं ते आम्ही दोघींनी पाहिलेलं आहे. गावातल्या एका सालगड्याला कुत्रं चावलं होतं, त्यानं सुया घेतल्या नाहीत, आणि पुढं तो पाण्याचा तांब्या बघूनच किंचाळायचा. ते दोघींच्याही डोळ्यांपुढं होतं.

पहिली विहीर आमचीच. पाणी खोल, पण होतं. दुसरी शाळेजवळची, तिच्यात पाणी कुठलं दिसायला? लग्नातल्या पत्रावळ्या, थर्माकोल, लेकरांचे फेकून दिलेले डायपर, आणि त्यांच्यावर हिरवट साय. "दिसलं का तोंड?" जावेनं विचारलं. पोरगी म्हणाली, "न्हाई." तिसरी शेजाऱ्यांच्या शेताला लागून. तिच्यात डुकराचं मेलेलं पिल्लू फुगून तरंगत होतं. पोरीनं वाकून पाहिलं आणि माझ्या खांद्यावर ओकली. हळद, चुना, तंबाखू, शिरा, सगळं माझ्या ब्लाउजमधून खाली उतरलं. माझाही घास वर आला. दोघी मायलेकींगत कठड्याला धरून ओकत होतो.

"आजून चार ऱ्हाईल्या," जाऊ रडत रडत म्हणाली.

"मोठी माय," पोरीनं विचारलं, "मी मरून राहिली का?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "काकू, काय करून राहिल्या तुमी?" शेजाऱ्यांची सून. बांधापलीकडं तिची गाडी उभी होती.

"हिरी," मी म्हणाले. तोंड पुसायला पदर शोधत होते, तोही माखलेला.

"काहून? काय झालं पोरीला?"

"कुत्री चावली. ढिगातली, बाळंतीण."

तिनं विहिरीत पाहिलं, पोरीच्या गालाकडं पाहिलं, आणि गाडीचं दार उघडलं. जाऊ जागची हलेना. "मामा काय म्हणतील?"

"मामाला सांग, चौथी हीर हिंगोलीत हाय," मी म्हणाले. घसा त्या दिवशी ओकून आधीच साफ झाला होता.

गाडीच्या मागच्या सीटवर त्या विदेशी कुत्र्याचा वास होता, काळे केस होते. ते माझ्या ओल्या लुगड्याला चिकटले. मी पाय वर घेऊन बसले होते, जणू ते केसच चावणार होते. हिंगोलीपर्यंत मला पाय खाली सोडायचं सुचलं नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी पोरीचं तोंड उजेडाकडं वळवलं. "हे काय लावलंय?"

"हळद," जाऊ म्हणाली.

"आणि हे काळं?"

मी सांगितलं. नर्सबाईंनी आपला हात अंगापासून लांब धरला. मग नळाखाली, साबण लावून, वाहत्या पाण्यात चांगला पाव तास. मी डोकं धरलं, जावेनं पाय. बेसिनमध्ये पिवळं पाणी, त्यात दुसऱ्याच्या तोंडातल्या तंबाखूचे तुकडे. माझ्या आयुष्यात मी इतकी घाण पाहिली नाही, आणि मी म्हशी धुतलेल्या आहेत. आतून जखम निघाली. खोल होती, पण तिच्यापेक्षा आमचा उपचार मोठा होता. मग डॉक्टरांनी एक इंजेक्शन दंडात दिलं आणि दुसरं थेट जखमेत. पोरगी अशी किंचाळली की माझ्या हातातली तिची वेणी सुटली.

"पुढच्या सुयांच्या तारखा चुकवू नका. कुत्रं कोणतं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात शेजाऱ्यांच्या सुनेनं आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. गावाच्या ग्रुपवर आमच्या पोरीच्या गालाचा फोटो, तोच, विहिरीला निघायच्या आधी काढलेला. त्याच्या शेजारी कुठून तरी घेतलेला, लाळ गाळणाऱ्या काळ्या कुत्र्याचा फोटो. खाली भावजींनी लिहिलेलं: "विदेशी कुत्र्याचा चिमुकलीवर जीवघेणा हल्ला. ठराव होऊनही कुत्रे गावातच. जबाबदार कोण?" आणि त्याखाली गाव. हात जोडलेले, रागानं लाल झालेले चेहरे, आणि "काठ्या घ्या रे."

तिची सासू घरी एकटी होती.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. सख्ख्या लेकीचा गाल फाटलेला, त्यात ड्रमखालची माती भरलेली, आणि बाप आधी बांधाचा हिशोब चुकता करत होता. आणि जिच्या घरावर काठ्या निघाल्या होत्या तिच्या गाडीतून आम्ही त्याचीच लेक वाचवायला आणली होती.

"कुत्री गावातलीच हाय डॉक्टरसाहेब," मी म्हणाले. "बाळंतीण. पोरांनी पिल्लं उचलली."

"मग तिला मारू नका, हाकलू नका. दहा दिवस नजरेसमोर राहू द्या. आजारी पडली किंवा मेली तर लगेच सांगा. आणि पिल्लं हाताळणाऱ्या पोरांना ओरखडे असतील, उघड्या जखमेवर कुत्रीनं चाटलं असेल, तर त्यांनाही घेऊन या."

मी माझा मोबाईल काढला. ग्रुपवर बोलून पाठवायचं मी कधी केलेलं नव्हतं. पहिल्यांदा माझा नुसता खोकला गेला. दुसऱ्यांदा गेलं, "हे चालू हाय का गं?" तिसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या सुनेनं माझा अंगठा आपल्या बोटानं दाबून धरला.

"मी बोलून राहिले, पोरीची मोठी माय. चावली ती आपली तांबडी. विदेशी कुत्र्यानं काही केलं न्हाई. शिऱ्याला तुमी बी दिलं अन् मी बी तूप दिलं. तुमच्या समद्याइच्या लेकराइनं पिल्लं उचलली, कुत्रीनं समद्याइचे हात चाटले. डॉक्टर म्हणतेत दहा दिवस कुत्रीवर नजर ठिवा, तिला काही झालं तर तुमच्या लेकराइचं बी बघावं लागंल. आता कोणाला काठ्या घ्यायच्या त्याइनं घ्या."

जरा वेळानं शेजाऱ्यांच्या सुनेला तिच्या म्हाताऱ्या सासूचा फोन आला. माणसं फाटकापाशी आली होती, एकानं काठी फाटकावर आपटलीही होती. मग सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले, आणि सगळे निघून गेले.

ते कुठं गेले ते आम्ही परत आल्यावर कळलं. आमच्या पाल्याच्या ढिगाभोवती त्याच काठ्या घेऊन अर्धं गाव उभं होतं. कुत्रीच्या रक्षणाला. कुणी वाकून बघत होतं, "लाळ गळून राहिली का?" कुणी तिच्यापुढं दुधाचं भांडं सरकवत होतं, ती पाणी पिते का ते बघायला दुसरं कुणी तांब्या घेऊन. आमचे मामा खुर्ची टाकून बसले होते.

"बाळंतीण जेवली का?" ते जो येईल त्याला विचारत होते. मला पाहून म्हणाले, "पोरीला टोचलं ना?" मी व्हय म्हणाले. "बराबर," ते म्हणाले, आणि पुन्हा कुत्रीकडं वळले.

त्या दहा दिवसांत त्या कुत्रीची जेवढी बडदास्त राहिली तेवढी माझ्या दोन्ही बाळंतपणांत राहिली नव्हती. मटणाचा रस्सा आला, उकडलेली अंडी आली. आणि हे करणारं प्रत्येक माणूस तिच्याकडं असं बघायचं की हिचं काम झालं की पहिला दगड आपलाच. प्रेमानं चारतात ते मी पाहिलंय, भीतीनं चारतात तेही पाहिलंय. पण असा तिरस्कार कालवून चारलेला घास मी पहिल्यांदाच पाहिला. भावजींनी ग्रुपवरचा मजकूर पुसून टाकला. "गैरसमज झाला," एवढंच लिहिलं, आणि त्यावरही लोकांनी हात जोडले. शेजाऱ्यांच्या दारात माफी मागायला कुणी गेलं नाही. ठराव अजून आहे तसाच आहे. चावली ती आपली, म्हणून तिच्याबद्दल ठराव नाही.

कुत्री ठणठणीत राहिली. मुदत संपली त्या दिवशी सकाळी भावजी हळदीचं रिकामं पोतं घेऊन आले. पिल्लांसकट तिला फाट्यापलीकडं सोडून येणार होते. सोडून येणार म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिथं हायवेवर ट्रक भरधाव असतात.

"भावजी," मी म्हणाले, "डॉक्टर म्हणले, शेवटच्या सुईपर्यंत कुत्री जाग्यावर पायजे."

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. भावजींनी जावेकडं पाहिलं. जाऊ भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. भावजी पोतं घेऊन परत गेले.

या वाढवलेल्या मुदतीत शेजाऱ्यांच्या सुनेनं स्वतःच ढोरांच्या डॉक्टरला आणलं आणि तांबडीला सुई टोचून घेतली. मी कान धरायला गेले होते. लांबूनच धरला, म्हणजे नुसतं "धरा, धरा" म्हणत राहिले. पिल्लं डोळे उघडून चालू लागली. आमच्या पोरीच्या गालावर खपली धरली, मग पडली, मग एक गुलाबी रेघ उरली.

चावल्यापासून महिन्यानं आम्ही शेवटच्या सुईला गेलो. नर्सबाईंनी पोरीला विचारलं, "आता पिल्लू दिसलं तर काय करायचं?"

"हात पाठीमागं. लांबून बघायचं. कुत्री खाऊन राहिली तर जवळच जायाचं न्हाई," पोरगी एका दमात म्हणाली. सुई टोचली तेव्हा रडली नाही, फक्त माझं बोट असं दाबलं की मीच ओरडले.

परत आलो तर भावजी ढिगापाशी उभे होते. हातात पोतं. शेजारी एक काठी.

"झाली ना शेवटची?" त्यांनी मला विचारलं.

मी घसा साफ करू लागले. एवढे दिवस त्या एका खोट्यावर काढले होते, दुसरं तयार नव्हतं.

"न्हाई बाबा," पोरगी माझ्या कडेवरून म्हणाली. "डॉक्टर म्हणले, आजून एक हाय. लय मोठी."

भावजी माझ्याकडं बघू लागले. मी लेकराच्या गालावरच्या त्या रेघेकडं बघितलं. आमच्या घराण्यात खोटं बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही.

"व्हय," मी म्हणाले. "आजून एक हाय."

"कवा?"

"ते डॉक्टर सांगणार हायेत."

भावजी थुंकले, बरोबर वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला, आणि पोतं खांद्यावर टाकून घरात गेले. पोरगी माझ्या कडेवरून घसरून खाली उतरली. ढिगापासून चांगली लांब उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून, आणि तिथूनच पिल्लं मोजू लागली.